हातासरशी : एका मिनीच्या हेड गॅस्केटचं प्रकरण

शनिवारी सकाळी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडायचं आणि रविवारी संध्याकाळी गाडी चालू करायची, असा बेत होता. गाडी चालू झाली चौदा आठवड्यांनी. या चौदा आठवड्यांत जो खर्च झाला आणि जी झोप गेली, त्यात मूळ बिघाडाचा वाटा अगदी किरकोळ. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर, गेलं होतं, आणि ते गेलंय हे आम्ही पहिल्या तासाभरातच बरोबर ओळखलं होतं. निदान अचूक, बिघाड साधा, सुटा भाग स्वस्त. तरी इंजिन गाडीबाहेर काढून त्याचे दोन भाग करण्यापर्यंत मजल गेली. ती कशी गेली हे लिहून ठेवतोय, कारण त्यातली प्रत्येक पायरी त्या त्या वेळी आम्हाला शहाणपणाचीच वाटली होती.

गाडी मित्राची, मी मदतनीस. पण या सगळ्यातली सर्वांत महाग चूक माझी आहे, तेव्हा मित्राच्या नावानं खडे फोडायला मी बसलेलो नाही.

गाडी आणि तक्रार

जुनी मिनी, ९९८ सीसीचं इंजिन. ही गाडी १९५९ साली बाजारात आली. जेमतेम दहा फूट लांबीत चार माणसं आणि त्यांचं थोडं सामान बसवायचं म्हणून अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं टाकलं आणि गिअरबॉक्स थेट इंजिनाच्या पोटाखाली, ऑइल चेंबरमध्येच बसवला. क्रँकला आणि गिअरना तेल एकच. जागा वाचवायची ही युक्ती आजही बघताना मजा वाटते. दुरुस्ती करणाऱ्यानं मात्र तिचे दोन परिणाम सतत डोक्यात ठेवावे लागतात. वरून इंजिनात काही पडलं, तर ते खाली गिअरमध्येच जाणार. आणि पाणी तेलात उतरलं, तर ते फक्त इंजिनाचं तेल खराब करत नाही, गिअरबॉक्सचंही करतं. हे दोन्ही आम्हाला माहीत होतं. माहीत असणं आणि हातात पाना असताना आठवणं यांत बरंच अंतर असतं, एवढंच.

इंजिन म्हणून पाहिलं तर ए-सीरिज, म्हणजे या मिनीचं इंजिन, हा गरीब प्राणी. १९५१ पासूनची रचना, बिडाचा ब्लॉक, बिडाचंच हेड, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या लांब काड्या. घरी शिकायला याहून सोपं इंजिन क्वचितच मिळेल.

तक्रार अशी होती की गाडी मिसिंग मारत होती. न्यूट्रलमध्ये उभी असताना थरथरायची, चढाला पिकअप नाही, बॉनेट उघडलं की फटफट असा दबका आवाज. पाणी कमी होत नव्हतं, पांढरा धूर नव्हता, तेलात साय नव्हती. त्यामुळे मित्राचा संशय आधी करंटवर गेला. तो रास्तच होता. मिनीचा डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीच्या लगेच मागे असतो आणि पावसात भिजून रुसतो, हे जगजाहीर आहे. त्यानं प्लग बदलले, कंडेन्सर बदलला, प्लगच्या वायरी बदलल्या. फरक शून्य. मग मी कॉम्प्रेशन मोजायचं मीटर घेऊन गेलो. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे आले : १५०, ६०, ५५, १५५ पीएसआय.

शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकाच वेळी कोसळलं, तर दोघांमधली भिंत फुटलीय असं समजावं. खात्रीसाठी दोन आणि तीनमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर आकडा वर चढला असता. तो जागचा हलला नाही. ए-सीरिजच्या हेडमध्ये दोन आणि तीन नंबरचा धूर मधल्या एकाच वाटेनं बाहेर पडतो. उष्णता तिथेच साठते आणि गॅस्केटही बहुतेक वेळा तिथेच जळतं. चित्र पुस्तकातल्यासारखं जुळत होतं. पाणी कमी का होत नव्हतं तेही कळलं : गॅस्केट पाण्याच्या वाटेकडे फुटलंच नव्हतं, ते एका सिलिंडरातून दुसऱ्यात फुटलं होतं.

जाता जाता एक गंमत. सित्रोएन टूसीव्हीच्या इंजिनाला हेड गॅस्केटच नसतं, धातूवर धातू बसतो. पुढच्या चौदा आठवड्यांत मित्रानं हे वाक्य मला किमान दहा वेळा ऐकवलं.

तिसरा स्टड

हेड काढायला काय काय सोडवावं लागतं याची यादी आम्ही भिंतीवर चिकटवली होती. रेडिएटरचा वरचा होज, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड, हीटरचा नळ, रॉकर, पुशरॉड, मग हेडचे नऊ नट. थर्मोस्टॅटचं, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की त्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं, झाकण त्या यादीत नव्हतं. असायचं कारणही नाही. ते हेडला जोडलेलं आहे आणि हेडबरोबर निमूट वर येतं. रेडिएटर धरून ठेवणारी पट्टी त्याच्या स्टडवर, म्हणजे हेडमध्ये रुतलेल्या आट्यांच्या दांड्यांवर, असते खरी, पण ती रेडिएटरच्या बाजूनंही सोडवता येते.

मित्र म्हणाला, “हातासरशी थर्मोस्टॅटही बदलून टाकू. एवढं उघडतोच आहोत तर.”

मीही मान डोलावली. या प्रकरणाला मी नाव दिलं ते याच शब्दाचं.

मिनीच्या थर्मोस्टॅटचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं. ते तीन पोलादी स्टडवर बसतं आणि स्टड रुतलेले असतात बिडाच्या हेडमध्ये. तीन धातू, आणि त्यांच्या सांध्यात वर्षानुवर्षं मुरणारं पाणी. झाकणाच्या भोकांत पांढरी, खडूसारखी बुकटी धरते आणि ती फुगत फुगत स्टडला आवळून टाकते. नट सुटला तरी झाकण सुटत नाही, असा हा मामला. जुन्या मिनीवाल्यांमध्ये हे तीन स्टड बदनाम आहेत.

दोन नट सुटले. तिसरा पाव फेरा फिरला आणि हाताला वेगळा लागायला लागला. ज्यानं एकदा स्टड तोडलाय त्याला ही जाणीव पुन्हा समजावून सांगावी लागत नाही. गंजलेला नट सुटतो तेव्हा ‘कच्च’ असा आवाज येतो आणि मग हात हलका होतो. स्टड तुटायला लागतो तेव्हा आवाज येत नाही. पाना नुसता मऊ होतो, लोण्यातून फिरवल्यासारखा. मित्राला तो मऊपणा म्हणजे नट सुटल्याची खूण वाटली. नट हातात आला तेव्हा त्याच्या पोटात स्टडचं टोक होतं.

खरं तर इथवर काहीच बिघडलं नव्हतं. झाकण अजून जागेवर, स्टडचा मोठा तुकडा त्याच्या आत शाबूत. पण आता झाकण निघायलाच हवं असं दोघांनाही वाटायला लागलं. हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कडेकडेनं ठोकत ठोकत आम्ही ते उपटलं, त्याचा एक कोपरा फोडून. झाकण फुटल्याचं दुःख नव्हतं, ते सहज मिळतं. उलट अशा वेळी झाकणाचाच बळी द्यायचा असतो, करवतीनं कापून काढायचं आणि स्टड वाचवायचे. आमच्या नशिबानं स्टडचा तुकडा बोटाच्या पेराएवढा वर उभा राहिला होता. त्याला गंज मोडणारं तेल पाजून चार दिवस झाकून ठेवला असता, भोवतालचं बीड तापवलं असतं, किंवा वेल्डिंगवाल्याकडून वर एक नट चिकटवून घेतला असता, तर तो निघण्याची चांगली आशा होती.

शनिवारचे दोन वाजले होते. चार दिवस थांबायचा विचारही कुणी बोलून दाखवला नाही. मित्रानं त्या तुकड्याला लॉकिंग पक्कड लावली आणि जोर केला. तुकडा हेडच्या पृष्ठभागाशी अगदी समतल तुटला.

मग एक्स्ट्रॅक्टर. तुटलेल्या स्टडच्या मधोमध भोक पाडायचं, त्यात उलट्या आट्यांची ही टणक काडी घालायची आणि डावीकडे फिरवायची. काडी रुतत जाते, स्टड बाहेर येतो. चित्रात फार सुंदर दिसतं. जरा हिशेब करून पाहा. स्टड पाच सोळांश इंचाचा, म्हणजे आठ मिलिमीटर जाड. तो पूर्ण जाडीचा असताना पक्कडीच्या जोरानं सुटला नाही, तुटला. आता त्याच्याच पोटात घातलेल्या निम्म्या जाडीच्या काडीला तो जुमानेल, हे कुठल्या तर्कात बसतं? शिवाय ही काडी रुतताना पाचरीसारखी स्टडला आतून फुगवते आणि आट्यांत आणखी घट्ट करते. एक्स्ट्रॅक्टर उपयोगी पडतो तो ओव्हरलोडनं तुटलेल्या पण आट्यांत मोकळा असलेल्या बोल्टला. गंजानं धरलेल्याला नाही. हे ज्ञान मला त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास झालं.

हेड अजून गाडीवरच होतं. बॉनेटखाली वाकून ड्रिल सरळ धरता येत नव्हतं, सेंटर पंचही मिलिमीटरभर कडेला बसला होता. भोक तिरकं गेलं. मित्रानं एक्स्ट्रॅक्टर घातला, टॅपच्या हँडलनं फिरवला, अजून थोडा फिरवला. ‘टिक्.’ पेन्सिलचं टोक मोडावं तसा बारीकसा आवाज.

आता हेडमध्ये तुटलेला स्टड होता, त्या स्टडमध्ये तिरकं भोक होतं आणि त्या भोकात पोलादाचं असं टोक अडकलं होतं, ज्यावर साधं ड्रिल नुसतं घसरत होतं. मित्र तरीही एक नवं ड्रिल घेऊन दहा मिनिटं झटला. ड्रिलनं टणक टोक सोडून शेजारचं मऊ बीड खायला सुरुवात केली, तेव्हा मी प्लग काढून घेतला. भिंतीवरचा.

बशीतले वायसर

रविवारी हेड उतरवलं. हा भाग आम्ही नीट केला, म्हणून थोडक्यात सांगतो. हेडच्या नऊ नटांपैकी चार नट रॉकरचे ठोकळेही धरून ठेवतात. त्यामुळे एकच बाजू आधी मोकळी करायची नसते, सगळे नट क्रमानं थोडे थोडे ढिले करायचे. पुशरॉड वर ओढण्याआधी जागच्या जागी फिरवायचे. नाहीतर तेलाच्या चिकटपणामुळे खालचा टॅपेट, म्हणजे पुशरॉडला खालून उचलणारा सुटा भाग, त्यांना चिकटून वर येतो आणि मध्येच सुटून आडवा पडतो. आठ भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यात आठ पुशरॉड नंबरवार खोचून ठेवले.

हेड ब्लॉकला चिकटून बसलं होतं. मित्राचा हात पुन्हा त्या स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला, पण सांध्यात पाचर मारली तर पृष्ठभागावर जो ओरखडा पडतो तो गॅस्केट कधीच भरून काढत नाही. त्याऐवजी प्लग पुन्हा घट्ट बसवले, कॉइलची वायर काढली आणि स्टार्टर दोन सेकंद मारला. पुशरॉड नसल्यामुळे सगळे व्हॉल्व्ह बंद. आतल्या हवेनंच हेड केसभर उचललं. ही युक्ती बिडाचा अखंड ब्लॉक असलेल्या इंजिनापुरतीच. रेनॉ ४ सारख्या गाडीत, जिथे सिलिंडरचे लायनर सुटे असतात आणि बाहेरून पाण्यात उभे असतात, तिथे हेड ढिलं करून इंजिन फिरवलं तर लायनरच वर सरकतात आणि त्यांची खालची सील बिघडते.

हेड उचललं आणि त्याच क्षणी हिरवं पाणी ब्लॉकवरून वाहत सिलिंडरांत आणि पुशरॉडच्या भोकांत उतरलं. रेडिएटरचा खालचा होज सोडून पाणी काढलं म्हणजे सगळं पाणी गेलं, असं आम्ही धरून चाललो होतो. होजच्या उंचीच्या खालचं पाणी ब्लॉकच्या पोटात तसंच राहतं. ते काढायला ब्लॉकच्या मागच्या अंगाला वेगळा प्लग असतो. बहुतेक गाड्यांत तो गाळानं बुजलेला असतो आणि उघडल्यावर तारेनं खोचावा लागतो, म्हणून लोक त्याच्या वाटेला जात नाहीत. आम्हीही गेलो नव्हतो. म्हणजे आता तेल बदलणं आलं, पाच लिटरच्या आसपास. हा फटका लहान होता. पाण्यासकट इंजिन चालू केलं असतं तर बेअरिंगांपासून गिअरपर्यंत सगळ्यांना तो बसला असता.

आता माझी चूक.

रॉकरच्या ठोकळ्यांचे चार छोटे नट आणि त्यांचे चार स्प्रिंग वॉशर, कारागिरांच्या तोंडी वायसर, आम्ही एका बशीत काढून ठेवले होते. ती बशी कुठे ठेवावी? पुसून स्वच्छ केलेल्या ब्लॉकवर. तेवढीच सपाट जागा दिसत होती. पुशरॉडच्या आठही भोकांत चिंधीचे बोळे कोंबायचे असतात, हे दोघांनाही माहीत होतं. चिंध्या पाणी पुसायला वापरल्या होत्या आणि ओल्या होत्या.

कोपर कुणाचं लागलं यावर आजही एकमत नाही. बशी कलंडली. चार नट सापडले, तीन वायसर सापडले.

बॅटरीचा झोत एकेका भोकात टाकत गेलो. सहाव्या भोकात तळाशी काहीतरी चकाकलं. ९९८च्या इंजिनात टॅपेट म्हणजे बिनझाकणाच्या छोट्या पेल्यासारखा असतो. त्या पेल्यात, थोड्या पाण्यात आणि तेलात, वायसर आडवा पडलेला स्वच्छ दिसत होता. नखाएवढा. माझ्याकडचा चुंबक जाड होता, भोकात जाईना. तारेच्या टोकाला लहान चुंबक बांधून दोन मिनिटांत काम झालं असतं. पण कॉम्प्रेसर शेजारीच चालू होता, हवेची बंदूक हातात होती आणि मला वाटलं, झोत मारला की वायसर उसळून वर येईल.

झोत मारला. पाणी माझ्या तोंडावर उडालं. डोळे पुसून पाहिलं तर पेला रिकामा.

वायसर भोकातून वर आलेला नव्हता. म्हणजे तो पेल्याच्या काठावरून टॅपेटच्या खोलीत उडाला होता. या ब्लॉकला मागच्या बाजूनं, मॅनिफोल्डच्या आड, दोन झाकणं असतात, प्रत्येकी एका बोल्टवर बसणारी. १२७५ सीसीच्या ब्लॉकला ती नसतात, आमच्या ब्लॉकला होती, आणि मॅनिफोल्ड आधीच निघालेलं होतं. म्हणजे बंदुकीला हात लावण्याआधी, दोन बोल्ट सोडून, बाजूनं अलगद आत पाहता आलं असतं. ती झाकणं मी नंतर उघडली. आत तेलाची काळी मळी होती, थोडं हिरवं पाणी होतं, आणि तेल खाली उतरण्याच्या वाटा होत्या. वायसर नव्हता.

तेल काढलं. चेंबरच्या प्लगला चुंबक असतो, त्याच्यावर नेहमीची करडी पेस्ट होती. तिच्यात बोट फिरवून फिरवून पाहिलं.

“राहू दे ना,” मित्र म्हणाला. “तळाशी पडून राहील तेलात.”

दुसऱ्या एखाद्या गाडीत मीही असंच म्हणालो असतो, किंवा खालून चेंबरचे बोल्ट सोडून तासाभरात तो शोधला असता. मिनीत खालून सुटणारा वेगळा चेंबर नसतो. तळाशी गिअर फिरतात, डिफरन्शियल फिरतं, आणि त्यांच्या दात्यांच्या फटीत पोलादी वायसर गेला तर काय होईल हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. कदाचित तो कधीच गेला नसता. पण दर वेळी गिअर टाकताना मनात तोच विचार आला असता. रविवारी संध्याकाळी, ज्या वेळी गाडी चालू व्हायची होती, त्या वेळी आम्ही इंजिन बाहेर काढायचं ठरवलं.

इंजिन बाहेर

मधले आठवडे वाट बघण्यात गेले. उचलायची घोडी मिळायची वाट, फ्लायव्हील काढायच्या खास पुलरची वाट, दोघांना एकाच दिवशी सुट्टी मिळायची वाट. त्यात सांगण्यासारखं काही नाही. डबे, पिशव्या आणि चिठ्ठ्या मात्र भरपूर झाल्या. प्रत्येक नट आपापल्या पिशवीत, प्रत्येक पिशवीवर नाव. बशी पुन्हा वापरली नाही.

हेड घेऊन मी मशीन शॉपमध्ये गेलो. तिथल्या कारागिरानं तिरकं भोक पाहिलं, शेजारचं खाल्लेलं बीड पाहिलं, हेडवर सरळपट्टी आडवी धरून तिच्याखाली फीलर गेज सारला. हेड मध्यभागी किंचित वाकलेलं होतं आणि दोन-तीनच्या मधली पट्टी जळून खरवडली गेली होती.

“फेसिंग मारावंच लागणार, घासून सपाट करावं लागणार,” तो म्हणाला. “म्हणजे हे हेड माझ्याकडे येणारच होतं. मग स्टडला हात कशाला लावलात?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हेड गॅस्केट जळालं की हेड सपाट आहे का हे तपासायचंच असतं. म्हणजे हेड मशीन शॉपमध्ये जाण्याची शक्यता पहिल्या दिवसापासून होती. ते झाकणासकट, तिन्ही स्टडसकट नेलं असतं, तर त्याच्या टेबलावर, सरळ उभ्या ड्रिलखाली, तापवून, हे काम तासाभराचं होतं. आता त्याला एक्स्ट्रॅक्टरचं टोक आधी विजेच्या ठिणग्यांनी झिजवून काढावं लागलं, मग भोक मोठं करून त्यात नव्या आट्यांचा इन्सर्ट बसवावा लागला. फेसिंगचा खर्च या सगळ्यापुढे फुटकळ निघाला.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर निघतात. ते वेगळे करण्याआधी क्लच आणि फ्लायव्हील काढावं लागतं, आणि मिनीचं फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर इतकं घट्ट बसलेलं असतं की ते सुटतं तेव्हा तोफेसारखा आवाज होतो. त्याच्या आधी एक गोष्ट पाहायची असते. क्रँकच्या टोकावरची खाच आडवी आहे ना? ती उभी असेल तर आतला इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा वॉशर घसरून खाली पडतो आणि फ्लायव्हीलमागे अडकून सगळंच जाम करतो. आणखी एक वायसर! आम्ही ती खाच तीन वेळा तपासली, दोघांनी वेगवेगळी, मग फोटो काढून ठेवला. तोपर्यंत बारा आठवडे झाले होते, घाई कुणालाच उरली नव्हती, आणि त्या दिवसाचं काम पहिल्या फटक्यात झालं.

ब्लॉक वर उचलला. आपला वायसर गिअरबॉक्सच्या तळाशी, तेल ओढून घेणाऱ्या जाळीजवळ, निवांत पडला होता. त्याच्यावर ओरखडा नव्हता. गिअरच्या एकाही दात्यावर खूण नव्हती.

हिशेब मांडला तेव्हा असं दिसलं. हेड गॅस्केट बदलायचं मूळ काम दहा-बारा तासांचं होतं, आणि प्रत्यक्षात त्याला तेवढेच तास लागले. स्टडनं एक झाकण, हेडची मोठी दुरुस्ती आणि दोन आठवडे घेतले. बाकी सगळं वायसरचं : इंजिन काढणं, खालच्या बाजूची गॅस्केटं, क्लचकडची ऑइल सील, पुलरचं भाडं, उरलेले बारा आठवडे. आणि ज्याच्यासाठी पहिला नट फिरवला होता तो जुना थर्मोस्टॅट मी कुतूहलानं एका भांड्यात पाणी तापवून त्यात सोडला, सोबत थर्मामीटर. त्याच्यावर ८२ कोरलेलं होतं. ८२च्या आसपासच तो उघडला. पाणी निवत गेलं तसा मिटला. उत्तम होता.

जोडणी

जोडताना आम्ही अशा काही काटेकोरपणे वागलो की ओळखीच्यांनी चेष्टा केली. ब्लॉकमधली स्टडची भोकं कोरडी केली. आंधळ्या भोकात पाणी किंवा तेल राहिलं आणि त्यावर स्टड पिळला, तर द्रव दबत नाही, बीड तडकतं. हवेची बंदूक या कामासाठी असते, तोंडावर चष्मा आणि भोकावर फडकं धरून. गॅस्केटवर ‘फ्रंट’ आणि ‘टॉप’ छापलेलं असतं. आडव्या इंजिनात ‘फ्रंट’ म्हणजे गाडीचं नाक नव्हे, रेडिएटरकडची बाजू, एक नंबर सिलिंडरची. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत, शेवटी ५० पौंड-फूट म्हणजे साधारण ६८ न्यूटन-मीटर.

टॅपेट सेट करताना, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट बसवताना, नऊचा नियम वापरला. मला या इंजिनातलं सगळ्यात आवडतं काम हेच. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याची फट मोजायची, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसऱ्याची, बेरीज नेहमी नऊ. थंड इंजिनात फट बारा हजारांश इंच, ०.३० मिलिमीटर. फीलर गेज ओढताना लोण्यात नाही आणि वाळूतही नाही, असं काहीतरी लागायला हवं. मित्र एकेक नंबर ओरडून सांगत होता, मी बेरीज करत होतो.

दुसऱ्या सेल्फला गाडी लागली. चारही सिलिंडर १५० ते १६०च्या दरम्यान. थरथर गेली होती, बॉनेटखालचा फटफटाटही. आम्ही दोघं पाच मिनिटं नुसते ऐकत उभे राहिलो.

दोन आठवड्यांनी मित्राचा फोन आला. पाणी गळतंय. वॉटर पंपाच्या वर, हेडच्या खाली, अंगठ्याएवढ्या लांबीचा एक होज असतो, बायपासचा. पंप आणि हेड यांच्यामध्ये तो असा चेपून बसलेला असतो की हेड जागेवर असताना बोटंही धड पोचत नाहीत. हेड उतरलेलं असताना तो बदलायला दोन मिनिटं लागतात. आमचं हेड चौदा आठवडे उतरलेलं होतं. नवा होज गॅस्केटच्या पाकिटात आलाही होता. जोडणीच्या दिवशी मित्रानं जुना होज दोन बोटांत दाबून मला दाखवला होता, “अजून नरम आहे रे,” आणि मीही दाबून पाहिला होता.

अशा वेळेसाठी वळ्यावळ्यांचा, दाबून आखूड करता येणारा होज मिळतो. तो आणला. जुना होज कापून काढला, नवा चेपून दोन्ही नळ्यांवर सोडला, बोटांची सालं निघाली. क्लिपा मात्र जुन्याच जागी, जुन्याच कोनात होत्या आणि वरच्या क्लिपचा स्क्रू नेमका ब्लॉककडे तोंड करून होता. ती फिरवून घ्यायला पाऊण तास गेला. मित्र बॅटरी धरून उभा होता. क्लिप आवळून झाल्यावर त्यानं झोत रेडिएटरच्या पंख्याकडे वळवला.

“पंख्याचा पट्टा पण जुना दिसतोय,” तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहून गप्प झाला.

पट्टा तपासला. त्याला भेग नव्हती, ताण बरोबर होता. बॉनेट लावलं.